एक नॉर्मल पोट पाहिजे

मशीनवरचं शेवटचं प्लास्टिक सोलण्याचा मान डॉक्टरांनी कुणालाही दिला नाही. रिसेप्शनवरच्या बाई कात्री घेऊन उभ्या होत्या, कंपनीचा इंजिनिअर "मी करतो, मी करतो" म्हणत होता, पण डॉक्टरांनी नखानं कोपरा उचलला आणि सगळा पापुद्रा एका ओढीत अलगद काढला. मग चार पावलं मागे जाऊन मान तिरकी करून बघत राहिले. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी माणसानं एखाद्या वस्तूकडे इतक्या प्रेमानं बघणं बरं नव्हे, पण सोनोग्राफीच्या या मशीनसाठी ते सहा वर्षं थांबले होते.

जुन्या मशीनवर यकृत कुठे संपलं आणि धुकं कुठे सुरू झालं हे अंदाजानं ठरवावं लागायचं. नव्यावर बारीकशी रक्तवाहिनीसुद्धा लखलखीत दिसत होती. शिवाय यकृतात गळू झालं, तर पडद्यावर बघत बघत सुई नेमकी तिथे नेऊन पू काढता येणार होता. आजवर असा पेशंट दोन तास गाडीत कण्हत दुसऱ्या शहरात जायचा. आता हे काम इथेच होणार होतं. फक्त गावातल्या इतर डॉक्टरांचा विश्वास बसायला हवा होता, कारण पेशंट पाठवणार ते.

म्हणून आज चार वाजता कार्यक्रम ठेवला होता. चाळीस डॉक्टर येणार होते आणि मुख्य म्हणजे डॉक्टरांचे जुने सर येणार होते. सर आता सत्तरी ओलांडलेले, पण त्यांच्यासमोर पोटावर फिरवायचा तो प्रोब हातात धरायचा म्हटलं की डॉक्टरांचे तळवे अजून ओले व्हायचे. विद्यार्थी असताना सरांनी त्यांना एकदा पेशंटसमोर खोलीबाहेर काढलं होतं, कारण पेशंटला कुशीवर न वळवता त्यांनी रिपोर्ट लिहिला होता. "पोट उताणं झोपलं की थापा मारतं," सर म्हणाले होते. "त्याला कुशीवर वळव, मग खरं बोलेल."

याच सरांनी फोनवर बजावलं होतं, "आजारी पोट कुणीही दाखवील. मशीनची आणि माणसाची परीक्षा नॉर्मल पोटावर होते. मला एक स्वच्छ, नॉर्मल पोट दाखव. बाकी भाषणं नकोत."

नॉर्मल पोटाची सोय डॉक्टरांनी आठवड्यापूर्वीच करून ठेवली होती. शेजारच्या व्यायामशाळेचे मास्तर. पोटावर तोळाभर चरबी नाही, सुपारीचं व्यसन नाही. त्यांना एकच ताकीद होती: सकाळपासून उपाशी राहायचं. कारण पित्ताशयाची पिशवी उपाशीपोटीच भरलेली असते. तेलकट, तुपकट काही पोटात गेलं की ती सगळं पित्त ओतून मोकळी होते आणि मग पडद्यावर शोधूनही सापडत नाही.

अकरा वाजता डॉक्टरांनी मागवलेला केक आला. मशीनच्या आकाराचा, वर क्रीमचा प्रोब, आतही क्रीमच. डॉक्टरांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी केक कापला, बाईंना दिला, सफाईच्या मावशींना दिला, इंजिनिअरला तर तीन तुकडे दिले. स्वतः दोन खाल्ले. तेवढ्यात दारात कुणीतरी आलं. डॉक्टर हातात भला मोठा तुकडा घेऊन धावले आणि "आज नाही म्हणायचं नाही!" असं ओरडत तो त्यांनी आल्या माणसाच्या तोंडात कोंबला.

आलेल्या माणसानं घास गिळला, ओठावरचं क्रीम पुसलं आणि विचारलं, "डॉक्टर, मग आता उपास सुटला का?"

ते व्यायामशाळेचे मास्तर होते.

डॉक्टरांच्या पायाखालची जमीन सरकली. "मास्तर, तुम्ही खाल्लंत कशाला?"

"खाल्लं कुठे? भरवलंत तुम्ही! मी नको नको म्हणत होतो, पण तोंडच भरलेलं. बोलणार कसा?"

"आणि तुम्ही आत्ता कशाला आलात? चारला यायचं होतं ना?"

"शेजारीच तर आहे. म्हटलं, भूक लागलीय तर इथे येऊन बसावं. लक्ष दुसरीकडे राहील."

अर्ध्या तासानं डॉक्टरांनी आशेपोटी मास्तरांना टेबलावर घेतलं. पित्ताशय आकसून मनुक्याएवढं झालं होतं. डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं आणि नव्या उमेदीनं बाहेर येऊन विचारलं, "इथे कुणी उपाशी आहे का?"

बाईंनी केकचा रिकामा पुठ्ठा वर करून दाखवला. मावशी म्हणाल्या, "मी दोन तुकडे खाल्ले आणि पुठ्ठ्याचं क्रीमही पुसून खाल्लं. खोटं कशाला सांगू?" इंजिनिअरनं नुसतं पोटावरून हात फिरवला. थोडक्यात सांगायचं तर, इमारतीतलं एकूण एक पित्ताशय डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं रिकामं केलं होतं.

"आजचे पेशंट?" डॉक्टरांनी विचारलं.

"तुम्हीच सगळ्यांना उद्याची वेळ द्यायला लावलीत," बाई म्हणाल्या. "आणि पेशंटचं पोट नॉर्मल असतं तर तो इथे आला असता का?"

डॉक्टरांनी बारा जणांना फोन केले. मेडिकलवाल्यानं नुकतंच जेवण केलं होतं. त्यांचे केस कापणारा तयार होता, पण त्याला दहा वर्षांपासून मूतखडा होता आणि तो त्याचं वर्णन करत वीस मिनिटं फोनवर राहिला. एका मित्रानं "पोट कशाला पाहिजे?" एवढंच विचारून फोन ठेवला आणि नंतर उचललाच नाही.

अडीच वाजता डॉक्टरांची बायको कार्यक्रमासाठी आली आणि तिच्यामागून, एक हात पोटावर ठेवून, सासरेबुवा आले.

सासरेबुवांचं पोट हा घरातला वीस वर्षांचा विषय होता. कुणाच्या लग्नाला जायचं की ते दुखायचं, कुणाला स्टेशनवर आणायला जायचं की ते फुगायचं. त्या पोटावर पाच डॉक्टर आणि दोन वैद्य थकले होते. पण जावयाकडून तपासून घ्यायला सासरेबुवा कधीच तयार झाले नव्हते. "जावईबापू डॉक्टर कुठे आहेत? ते फोटोग्राफर आहेत," असं ते पाहुण्यांना सांगायचे. "पोटाचे फोटो काढतात. औषध दुसराच देतो." डॉक्टर हसून सोडून द्यायचे, पण हे त्यांना लागायचं. अगदी आत लागायचं.

सासऱ्यांच्या आजारात काही नाही, हे डॉक्टरांनी मनोमन केव्हाच ठरवून टाकलं होतं. त्यांनी बायकोला कोपऱ्यात घेतलं. "बाबांनी सकाळपासून काय खाल्लंय?"

"काही नाही. बाहेर जायचं असलं की ते पाण्यावर असतात. म्हणतात, पोटाचा भरवसा नाही."

डॉक्टरांनी तिचे दोन्ही हात धरले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. "अगं, मग बाबाच! बाबांचं पोट!"

"त्यांना नॉर्मल म्हणून दाखवणार आहेस? चाळीस लोकांत?" बायको घाबरली. "वीस वर्षांची मेहनत आहे रे त्यांची!"

डॉक्टर सासऱ्यांकडे वळले आणि त्यातल्या त्यात खरं होतं तेवढंच बोलले. "बाबा, आज मोठे सर येतायत. तुमचं पोट त्यांना दाखवावं म्हणतोय. चाळीस डॉक्टर बघतील."

सासरेबुवांचा चेहरा उजळला. "चाळीस?"

"चाळीस."

"मग बरोबर. एकट्यादुकट्याचं ते कामच नाही." त्यांनी खिशातून एक चार घड्यांचा कागद काढला. त्यावर तक्रारी लिहिलेल्या होत्या, तारखांसकट.

डॉक्टरांनी घाईघाईनं त्यांना टेबलावर घेतलं आणि प्रोब टेकवला. यकृत सुरेख. स्वादुपिंड पुस्तकात असावं तसं. पित्ताशय भरलेलं, काळंभोर, स्वच्छ. डॉक्टरांना टेबलाभोवती एक गिरकी घ्यावीशी वाटली. "बाबा, आता जरा डाव्या कुशीवर..." असं ते म्हणतायत तोच बाईंनी दार ढकललं. "डॉक्टर, खुर्च्या पन्नास सांगितल्या होत्या, पंधराच आल्यात!"

डॉक्टर प्रोब ठेवून खुर्च्यांमागे धावले ते धावलेच.

चार वाजता हॉल भरला. उशिरा आलेल्या खुर्च्या लावायला मास्तरांनी मदत केली होती, केकचं प्रायश्चित्त म्हणून. भिंतीवर मोठा टीव्ही, मध्ये टेबल, टेबलावर सासरेबुवा आणि त्यांच्या छातीवर तो कागद. पहिल्या रांगेत सर, हातात काठी. त्यांच्या शेजारी गावातले मोठे सर्जन, ज्यांच्या एका शब्दावर निम्मं गाव पेशंट पाठवायचं.

डॉक्टरांनी पोटावर सोनोग्राफीचं जेल लावलं आणि प्रोब टेकवला. टीव्हीवर यकृत उमटलं आणि हॉलमधून "वा!" अशी दाद आली. डॉक्टरांचे तळवे कोरडे झाले. ते रंगात येऊन बोलू लागले. "यकृत, पूर्णपणे नॉर्मल. प्लीहा, नॉर्मल. दोन्ही मूत्रपिंडं, नॉर्मल." प्रत्येक 'नॉर्मल'ला डॉक्टर फुलत होते आणि सासरेबुवा मिटत होते. चौथ्या नॉर्मलला त्यांनी कागदाची घडी केली. पाचव्याला तो खिशात घातला.

"जावईबापू," ते कुजबुजले, "नीट बघा हो. थोडं तरी असेल."

"पित्ताशय," डॉक्टर म्हणाले, "संपूर्ण नॉर्मल!"

टाळ्या पडल्या. बायकोनं बापाचा चेहरा बघून टाळी वाजवायला उचललेले हात खाली घेतले. सासरेबुवा छताकडे बघत होते. वीस वर्षांचा आजार चाळीस साक्षीदारांसमोर काढून घेतल्यावर माणसाचं जे होतं ते त्यांचं झालं होतं. डॉक्टरांनाही ते दिसलं.

टाळ्या थांबल्या तेव्हा सरांनी काठी हळूच जमिनीवर टेकवली. "कूस?"

एवढाच शब्द. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. दुपारी अर्धवट सोडलेलं वाक्य त्यांना अक्षरन् अक्षर आठवलं.

"बाबा, डाव्या कुशीवर वळा," ते म्हणाले. 

सासरेबुवा वळले. टीव्हीवर पित्ताशय हललं आणि त्याच्या निमुळत्या टोकाच्या कोपऱ्यातून, इतका वेळ दडून बसलेला एक पांढरा ठिपका निघाला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घरंगळत खाली येऊन बसला. मागे काळीशार सावली. हरभऱ्याएवढा खडा, त्यात शंकेला जागा नव्हती.

 डॉक्टरांपुढे दोन वाटा होत्या. 'हेच तर दाखवायचं होतं' असं म्हणून टाळ्या घेता आल्या असत्या. ते म्हणाले, "सर, मी यांना दुपारी तपासलं होतं. कुशीवर वळवलं नव्हतं. मला नॉर्मल पोट हवं होतं, म्हणून मला ते नॉर्मल दिसलं. चूक माझी आहे."

कुणी काही बोलायच्या आत टेबलावरून आवाज आला, "सापडला?"

"सापडला, बाबा. खडा आहे."

सासरेबुवा अंगावरच्या जेलसकट उठून बसले. "वीस वर्षं!" ते गरजले. "वीस वर्षं सांगतोय! पाच डॉक्टर झाले, दोन वैद्य झाले! शेवटी शोधला कुणी? माझ्या जावयानं!" आणि त्यांनी डॉक्टरांना अशी मिठी मारली की डॉक्टरांचा नवा शर्ट गार जेलनं लिबलिबीत झाला. बायको हसत होती आणि डोळेही पुसत होती.

सर उठून पुढे आले. "नॉर्मल पोट दाखव म्हटलं तर तेवढंही जमलं नाही तुला," ते म्हणाले. मग त्यांनी डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवला. "पण खडा असा घरंगळताना इतका स्वच्छ मी चाळीस वर्षांत बघितला नाही. मशीन उत्तम आहे. आणि भरसभेत 'चुकलं' म्हणणारा माणूस मशीनहून दुर्मीळ."

मोठे सर्जन चष्मा पुसत म्हणाले, "माझ्याकडे यकृतात गळू झालेला एक पेशंट आहे. दुसऱ्या शहरात पाठवणार होतो. उद्या सकाळी तुमच्याकडे पाठवू? सुईनं पू काढाल ना?"

"काढीन!" डॉक्टर एवढ्या जोरात म्हणाले की मागच्या रांगेतले दचकले.

आता सासरेबुवांभोवती गर्दी जमली. त्यांनी कागद पुन्हा उघडला होता आणि तारखा वाचून दाखवत होते. "पहाटे कळ येते. दुपारी कळ येते. पाहुणे येणार असले की मग तर फारच."

सर्जननी शांतपणे ऐकून घेतलं आणि टीव्हीवरच्या खड्याकडे बोट केलं. "एवढं दुखत असेल तर थांबण्यात अर्थ नाही. परवा माझ्याकडे या. पित्ताशयच काढून टाकू. दुखत नसेल तर मात्र असे खडे आम्ही बहुधा तसेच ठेवतो."

सासरेबुवा खड्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कागदाची पहिली घडी घातली, दुसरी घातली आणि कागद खिशात ठेवून दिला.

"दुखतं असं कोण म्हणालं?" ते म्हणाले. "जावईबापू, तेवढा एक फोटो काढून द्या. मोठा. दिवाणखान्यात लावायचाय."