पाव किलो कंदी पेढे

हिराअक्कासमोर एक वाक्य चुकूनही बोलायचं नसतं. ‘घरी विचारून सांगते.’ तीनच शब्द आहेत, पण ते तोंडातून निघाले की पाव किलो कंदी पेढ्यांचा दंड बसतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीच्या बसमध्ये तो सगळ्यांसमोर वसूल होतो. आमच्या बसमधल्या बायकांनी साताऱ्यातल्या एका पेढेवाल्याचं चांगलंच भलं केलं आहे. त्याच्या दुकानात नुकतंच काचेचं नवं कपाट आलं, त्यात एखादी काच माझ्या पैशांची नक्की असेल.

आमची कंपनी शिरवळला. गाड्यांच्या ब्रेकचे भाग बनवते. बस सकाळी साताऱ्याहून निघते, वाढे फाट्यावर हिराअक्का चढते आणि खंबाटकीचा बोगदा येईपर्यंत तिचं कोर्ट चालतं. मी क्वालिटीत इंजिनिअर, ती स्टोअरला. हातमोजे, नटबोल्ट, ऑइलचे डबे तिच्या सहीशिवाय हलत नाहीत. पाचवारी साडी, नाकावर घसरलेला चष्मा आणि पायात कंपनीचे लोखंडी टोकाचे सेफ्टी शूज. हे शूज ती लग्नाकार्यालाही घालते. विचारलं तर म्हणते, “लग्नात तर लय पाय तुडीवत्यात.”

बसमध्ये नवी मुलगी चढली की बाकीच्या तिला नाव-गाव विचारतात. अक्का तीन प्रश्न विचारते. “पगार किती? कुणाच्या खात्यावर? आन कार्ड कुणाच्या खिशात?” पहिल्या दोन प्रश्नांना उत्तरं मिळतात. तिसऱ्याला बहुतेक जणी खिडकीबाहेर बघायला लागतात.

मला हे विचारलं तेव्हा मी नवीच होते आणि जरा तोऱ्यात होते. म्हटलं, “कार्ड आमच्या ह्यांच्याकडे असतं. मला एटीएमच्या रांगेत उभं राहायचा कंटाळा येतो.”

“मग पगार घ्यायाचाबी कंटाळा कर की,” अक्का म्हणाली.

अख्खी बस हसली. ड्रायव्हरसुद्धा. मी तो आठवडा तिच्याशी बोलले नाही, पण त्याच आठवड्यात कार्ड माझ्या पर्समध्ये आलं. मला वाटलं होतं घरात वादावादी होईल. सचिन, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, “बरं झालं, तुझा पिन माझ्या कधी लक्षातच राहत नव्हता.”

अक्काचं माहेर माण तालुक्यातलं, वडील मेंढपाळ. त्यामुळे तिचं सगळं अर्थशास्त्र मेंढरांवर चालतं. आमच्या ऑफिसातली पूजा आधीच्या नोकरीचा पीएफ काढून घराला फर्निचर करणार होती. अक्काने तिला बसमध्ये आपल्या शेजारी बसवून घेतलं. “माझ्या बापानं दुष्काळात बोकडं इकली, लोकर इकली, येकदा पायातलं पायताण इकलं. पर मेंढी न्हाई इकली. मेंढी हाय तर फुडच्या साली कळप हाय. पीएफ म्हंजी तुझी मेंढी हाय. तिला कापून सोफा करतीस व्हय?” पूजाने सोफा रद्द केला. तेव्हापासून आमच्या बसमध्ये पीएफला कुणी पीएफ म्हणत नाही. ‘तुझी मेंढी केवढी झाली गं?’ असंच विचारतात. एकदा पुण्याहून आलेल्या ऑडिटरने हे ऐकलं आणि तो दिवसभर गोंधळलेला होता.

पगारवाढ मागण्याचंही तिचं शास्त्र आहे. “सायबाम्होरं बसायचं न्हाई. हुभं ऱ्हायाचं. बसलं की च्या येतो, आन च्या पेला की मागायचं ऱ्हातं.” मी मार्चमध्ये हा प्रयोग केला. आमचे प्लांट मॅनेजर सज्जन माणूस आहेत. मी बसत नाही म्हटल्यावर तेही उठून उभे राहिले. आम्ही दोघं टेबलाच्या दोन बाजूंना पंधरा मिनिटं उभे होतो. वाढ मिळाली. माझ्या कामामुळे की त्यांच्या कंबरेमुळे, ते मी अजून विचारलेलं नाही.

गेल्या वर्षी कंपनीने नवा सेक्शन काढायचं ठरवलं. एका सोमवारी मॅनेजरसाहेबांनी मला बोलावलं आणि म्हणाले, “तिथली सेक्शन हेड म्हणून तुमचं नाव पुढे केलंय. फक्त सहा महिने चाकणच्या प्लांटला ट्रेनिंग, राहायचं तिकडेच, रविवारी घरी. शनिवारपर्यंत सांगा.”

माझी मुलगी सहा वर्षांची. घरी सासूबाई, मूळच्या मेढ्याकडच्या, गुडघ्यांनी बेजार. माझ्या तोंडून निघून गेलं, “घरी विचारून सांगते, सर.”

दारात हातमोज्यांचं खोकं घेऊन हिराअक्का उभी होती. तिने खोकं टेबलावर ठेवलं आणि निघून गेली. जेवणाच्या सुट्टीत शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, “पेढं ताजं आण.”

मंगळवारी मी दंड भरला. पण अक्काचं तेवढ्यावर भागलं नाही. रोज सकाळी बसमध्ये चढली की पहिला प्रश्न, “इचारलंस?” मंगळवारी सासूबाईंचे गुडघे जास्त दुखत होते. बुधवारी पोरीला ताप होता. गुरुवारी सचिन कामावरून वैतागून आला होता. शुक्रवारी माझ्याकडची कारणं संपली. संध्याकाळी परतीच्या बसमध्ये मी सांगून टाकलं, “घरचे तयार नाहीत, अक्का. उद्या सरांना नाही म्हणून सांगते.”

“कोण तयार न्हाई? नाव सांग.”

“सगळेच.”

तिने चष्मा वर सरकवून माझ्याकडे बघितलं. वाढे फाटा आला, ती उठली नाही. माझ्या स्टॉपवर मी उतरले, तशी तीही माझ्या मागोमाग उतरली. मी म्हटलं, अक्का, इकडे कुठे? म्हणाली, “पाणी प्यायला.”

सासूबाई पुढच्या खोलीत मेथी निवडत होत्या. अक्का सेफ्टी शूज दारात काढून त्यांच्याजवळ बसली, दोन काड्या निवडल्या आणि म्हणाली, “आवं, सूनबाईला चाकणला धाडायला तुमची ना हाय म्हणं.”

“चाकणला? कशाला?” सासूबाई म्हणाल्या.

अक्का माझ्याकडे बघत राहिली. मी जमिनीकडे. मग अक्कानेच सगळं सांगितलं. सेक्शन हेड, सहा महिने, पगार, शनिवार. सासूबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली.

“माझी सून सायेब व्हणार, आन मला ही बसमधनं आलेली बाई सांगती?” त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. “मी काय येवडी वंगाळ हाय का गं? मला तू इचारलंस तरी का?”

सचिन तोंड पुसत बाहेर आला. त्यालाही हे सगळं नवंच होतं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच शंका काढली, “सहा महिने पोरीच्या वेण्या कोण घालणार?” मग स्वतःच म्हणाला, “शिकतो मी. मोबाइलवर असतंय की सगळं.”

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. घरात कुणी नाही म्हटलंच नव्हतं. नाही मी म्हटलं होतं. नव्या मशिनी, हाताखाली वीस-पंचवीस पुरुष, त्यातले निम्मे वयाने मोठे. मला भीती वाटत होती. ती भीती कबूल करण्यापेक्षा म्हाताऱ्या सासूच्या गुडघ्यांवर ढकलणं सोपं होतं, आणि ते मी पाच दिवस करत होते.

अक्काला रिक्षापर्यंत सोडायला गेले तेव्हा विचारलं, “मी घरी काही विचारलंच नाही, हे तुम्हाला कसं कळलं?”

“कोण इचारतंय गं?” ती म्हणाली. “आजपातुर मी येवडं दंड घेतलं, त्यातल्या निम्म्या जणींनी घरी त्वांडबी उघडलं नव्हतं. म्याबी न्हाई उघडलं.”

मग रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या तिने सांगितलं. वीसेक वर्षांपूर्वी तिलाही सुपरवायझर करणार होते. तिचा नवरा फौजेत, तेव्हा दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलेला. तिने साहेबांना तेच तीन शब्द सांगितले. घरी गेली, नवऱ्याला मटण रांधून वाढलं, आणि विचारलं काहीच नाही. सुट्टीत आलेल्या माणसाच्या डोक्याला कशाला ताप, म्हणून. दोन दिवसांनी साहेबांना सांगितलं, घरचे नको म्हणतात. ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळाली.

“पेन्शनीत आल्यावर येकदा बोलता बोलता म्या त्येंला सांगितलं. तर ह्येंनी हातातला घास ताटात ठिवला. मग म्हणालं, ‘हिरा, मला इचारलं असतंस तर म्या पलटणीत पेढं वाटलं असतं गं.’” रिक्षा आली होती, पण ती चढेना. “सुपरवायझर न्हाई झाली त्येचं काय न्हाई. त्येंच्या नावावर म्या खोटं बोलली. त्येंला नुसतं इचारलंबी न्हाई, त्येचं वाटतं.”

ते जाऊन आता पाच वर्षं झाली. मूलबाळ नाही. पेढ्यांचा दंड त्यानंतर सुरू झाला, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

शनिवारी मी उभं राहूनच होकार दिला. सहा महिने माझी पोर एक वेणी वर, एक खाली अशी शाळेत गेली. सासूबाई शेजारणींना ‘आमची सायबीण चाकणला असती’ म्हणून सांगत राहिल्या. मी परत आले, सेक्शन सुरू झाला, आणि बघता बघता अक्काच्या रिटायरमेंटचा महिना आला.

मी साहेबांना म्हटलं की माझ्याकडे नव्या मुली येतायत, त्यांना सामानाची शिस्त लावायला अक्कासारखं माणूस मिळायचं नाही. त्यांना ते पटलं. निरोपाच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं आणि साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, “हिराअक्का, आणखी एक वर्ष थांबा. मॅडमच्या सेक्शनला तुम्ही हव्या आहात.” टाळ्या पडल्या. अक्काने शाल सारखी केली.

“घरी इचारून सांगती,” ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. एरवी ‘दंड, दंड!’ म्हणून सगळ्यांत मोठ्याने ओरडणारी पूजा हातातल्या फुलांच्या पाकळ्या खुडत बसली. अक्काचं घर आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं. दोन खोल्या, भिंतीवर गणवेशातला फोटो, दारात तुळस. साहेब म्हणाले, “हो, हो, सावकाश सांगा.” परतीच्या बसमध्ये ती नेहमीच्या जागेवर बसली, पण कोर्ट भरलं नाही. वाढे फाट्यावर मुकाट्याने उतरून गेली.

मी घरी येऊन कणीक मळत होते. फोन वाजला. अक्का. ती स्वतःहून कधी कुणाला फोन करत नाही, म्हणून मी पिठाच्याच हाताने उचलला.

“जेवलीस?”

“नाही अजून.”

“सासूबाईंचं गुडघं?”

“बरे आहेत. अक्का, काय झालं?”

तिने आधी तिकडचा टीव्ही बंद केला. मग म्हणाली, “आगं, ते सायेब वरीसभर थांब म्हणत्यात. म्हंजी तूबी हुतीस की तितं. माझंबी गुडघं आता दुखत्यात. पर घरात बसून तरी काय करू? तुमचं काय म्हणणं हाय? थांबू का?”

मला कळायला वेळ लागला. घरी विचारून सांगते म्हणाली होती, आणि ती विचारत होती.  मी नुसता स्पीकर लावला आणि फोन सासूबाईंच्या पुढे धरला.

“थांबा म्हंजी काय, थांबाच!” सासूबाई ओरडल्या. “आन ऐतवारी हिकडं जेवायला या!”

“थांबा अक्का,” सचिन आतून म्हणाला. माझ्या पोरीला काही कळलं नव्हतं, तरी तीही “थांबा, थांबा” म्हणून नाचली.

“बरं,” अक्का म्हणाली. “घरची समदी व्हय म्हणत्यात, तर थांबती.” आणि तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी वाढे फाट्यावर ती बसमध्ये चढली ती हातात पुडा घेऊनच. सेफ्टी शूज खाडखाड वाजवत माझ्यापर्यंत आली आणि पुडा माझ्या मांडीवर ठेवला.

“वाट समद्यास्नी. म्या इचारलंय घरी, तरीबी दंड तो दंड.”

पुडा उघडला. पेढे ताजे होते. मी एक उचलला, पुडा मागे पाठवला, आणि बोगदा येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.