वायव्य, आगमन आठ वाजून दहा

रेवदंड्यात वारा कुठून सुटलाय हे एक वेळ वेधशाळेला कळणार नाही, पण मला कळतं! अहो, एकतीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. डोळे मिटून नुसत्या आवाजावर सांगायचो, ही अलिबाग, ही मुरूड. गावात अजून मला कंट्रोलरच म्हणतात. माझ्यापुढे वाऱ्याची काय कथा! त्याला ना नंबर, ना कंडक्टर!

ही वाऱ्याची भानगड माझ्या मुलीमुळे मागे लागली. राही पुण्याला नोकरी करते आणि सुट्टीला विंडसर्फिंग करते. म्हणजे पाण्यात फळी टाकायची, तिच्यावर शीड उभं करायचं आणि दांडा धरून वारा नेईल तिकडे जायचं. असं म्हटलं की चिडते. "वारा नेईल तिकडे नाही बाबा, आपल्याला हवं तिकडे!"

तिला हवं तिकडे म्हणजे सहसा रेवदंडा नसतो. तिची आई गेल्याला दोन वर्षं झाली. त्यात पोरगी तीनदा आली, तीही सकाळी येऊन संध्याकाळी परत.

पण दिवाळीत तिनं फोनवर विचारलं, "बाबा, संक्रांतीनंतरच्या शनिवार-रविवारी आमच्या ग्रुपला कुठं जायचं ते ठरवायचंय. थंडीत वाऱ्याची दिशा बघून जागा निवडावी लागते. तुमच्याकडे वारा कसा असतो?"

वारा चांगला निघाला तर पोरगी दोन दिवस घरी. नाही निघाला तर ती दुसऱ्या कुठल्यातरी किनाऱ्यावर. दुसऱ्याच दिवशी बाजारातून दोनशे पानी रजिस्टर आणलं आणि रकाने आखले. दिशा, आगमन, निर्गमन, शेरा.

दिशा ओळखायची कशी? नाकानं! माझ्या घराच्या समुद्राकडच्या अंगाला शेजारच्या कोळीण नीराबाईंच्या वलांड्या, म्हणजे बोंबील वाळत घालायचे बांबूचे मांडव. वायव्येचा वारा सुटला की वास थेट माझ्या ओटीवर. आमच्या हिला तो वास चालायचा. कुंपणाशी उभ्या राहून दोघी तासन्‌तास बोलायच्या, भाजी करपायची. ही गेली आणि घरात दुसरा कसला वासच उरला नाही, नुसता बोंबील! गेल्या पावसाळ्यानंतर वैतागून मी ग्रामपंचायतीत अर्ज ठोकला, आणि वर सहा फुटी भिंत घातली. नीराबाई एका शब्दानं बोलल्या नाहीत. तेव्हापासून बोलतच नाहीत. मीही त्यांच्या वाटेनं जायचं सोडलं.

पण वास भिंतीला दाद देतो होय? रोज सकाळी आठच्या सुमाराला हजर! मी सकाळचं फिरणं बंद केलं, ओटीवर बसून नाक वर करायचो आणि लिहायचो: 'वायव्य, आगमन ८.१०, वेळेवर.' दुपारी वास गायब. मग 'वारा नाही.' दुपारी माडाच्या झावळ्या हलायच्या, नाही असं नाही. पण झावळी काय, कावळा बसला तरी हलते!

रोज संध्याकाळी आठला राहीचा फोन.

"आज वारा, बाबा?"

"वायव्य! सकाळी आठ दहाला!"

"सकाळी? वायव्य?"

"अगदी टायमावर!"

ती म्हणायची, "लिहून ठेवा हं." मग मी निर्गमन सांगायचो, मग आमटीत मीठ जास्त झालं ते, मग डाव्या गुडघ्याचं. वीस मिनिटं कुठं जायची कळायचं नाही. मागे कुणाशी एवढं बोललो होतो, आठवत नाही.

आणि काय सांगू, संक्रांतीनंतरच्या शुक्रवारी संध्याकाळी पोरगी आली! गाडीच्या टपावर फळी, मागे शीड. एकटीच होती.

"ग्रुप कुठाय?"

"त्यांचं नाही जमलं." बास, एवढंच.

शनिवारी सकाळी ती म्हणाली, "बाबा, आत्ता खाडीत आत जाऊ. दुपारी समुद्रावर."

"खाडीत? अगं, नाक आहे ना तुला? बोंबील येतोय बघ! वायव्य! समुद्रावरच चल!"

"फोनवर पूर्वेचा दाखवतोय. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्यात गेलं की परत येणं मुश्कील."

"फोनला नाक आहे का?" मी रजिस्टर आपटलं. "सत्त्याहत्तर दिवस लिहितोय मी!"

तिनं रजिस्टरकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि गाडी समुद्राकडे वळवली. किनाऱ्यावर शीड जोडलं. "आधी तुमचा एक फोटो काढू," म्हणाली, मला लाइफ जॅकेट चढवलं आणि गुडघाभर पाण्यात फळीवर बसवलं. मोबाइल राहिला होता गाडीत. "हलू नका, आले!"

मी कशाला हलतोय! पण मनात आलं, हिला दाखवूनच देऊ. दोरी ओढून शीड उभं केलं की वायव्य वारा आपल्याला अलगद वाळूवर नेऊन ठेवेल. गुडघ्यावर बसलो, दोरी ओढली, दांडा धरला.

फळी निघाली. पण उलटी निघाली हो!

"बाबा! शीड सोडा!" राही गळ्याइतक्या पाण्यात आली.

पण एकतीस वर्षांची सवय, ताब्यात दिलेली वस्तू सोडायची नाही! त्यात ओहोटी लागलेली. शेवटी शीड आपणच आडवं झालं, तोवर राही सुपारीएवढी दिसत होती. मग ती जेट्टीकडे धावत सुटली आणि दिसेनाशी झाली. मी फळीवर पालथा पडलो. एवढा मोठा समुद्र आणि बोलायला कुणी नाही! तशी मला सवय होती म्हणा, पण घरी निदान रेडिओ आहे.

अर्ध्या तासानं एक होडी आली. नीराबाईंचा भिकू!

"काका, कुटं चाललाव? मुंबईला?"

"थट्टा नको, दोर टाक!"

त्यानं मला ओढून घेतलं आणि बसवलं कुठं, तर बोंबलाच्या ढिगाशेजारी! होडी किनाऱ्याकडे वळली, तेव्हा समुद्रातून माझं घर पहिल्यांदा दिसलं. एवढंसं घर आणि भोवती सहा फुटी भिंत. आत कुणाला तरी कोंडून ठेवल्यासारखी. आणि भिंतीच्या अलीकडे, समुद्राच्या अंगाला, नुसती वाळू!

"भिकू! वलांड्या कुठं गेल्या?"

"त्या व्हय? आयेनं दिवालीच्या आधीच मागल्या अंगाला नेल्या, पूर्वेला. तुमचा अर्ज व्हता न्हाय का!"

म्हणजे सत्त्याहत्तर दिवस रोज सकाळी जो वास येत होता, तो पूर्वेचा वारा! आणि दुपारी खरा वायव्य सुटायचा, तेव्हा मी 'वारा नाही' लिहून झोपायचो! सगळं वेळापत्रक उलटं!

जेट्टीवर राही उभी होती, रडून डोळे लाल. तिला धरून नीराबाई. मला बघून पहिलं वाक्य बोलल्या, "म्हटलं, सकालचं तुमी फिराया जाता, तवा वास आला तरी घरात कोन हाय? दुपारचा तुमाला तरास नको."

मी लाइफ जॅकेटचे बंद सोडायला लागलो.

घरी राहीनं चहा दिला. मी विचारलं, "तुला पहिल्यापासून ठाऊक होतं?"

"रोज आठ वाजता आधी फोनमध्ये वारा बघायचे, मग तुम्हाला विचारायचे."

"मग विचारायचीस कशाला?"

"त्याआधी काय बोलायचात तुम्ही? 'जेवलो. ठेवतो.' एवढंच!" ती कपात बघत म्हणाली, "ग्रुप दुसरीकडे गेलाय, बाबा. मी इकडे आले."

दुपारी दोनला वायव्य सुटला. ती समुद्रावर हवं तिकडे गेली आणि दर वेळी परतही आली. मी वाळूवर बसून मोजत होतो. रविवारी जेवून ती पुण्याला निघाली. तिची गाडी वळणाआड गेली आणि दहाच मिनिटांत वारा आला. मी रजिस्टरमध्ये लिहिलं: 'वायव्य, आगमन २.१०. प्रवासी नाहीत.'

सोमवारी भिंतीला वळसा घालून नीराबाईंकडे गेलो. "वलांड्या पूर्वीच्या जागी आणा ना! वारा कळायला बरं पडतं."

त्या बोंबील उलटे करत होत्या. "तसं जमनार न्हाय, कंट्रोलर. पंचायतीचा लेखी कागद हाय. आनायच्या तर तुमीच दुसरा अर्ज करा!" आणि वर पदर तोंडाला लावून हसल्या.

आता बसलोय लिहायला. 'विषय: बोंबलाचा वास पूर्ववत मिळणेबाबत.' विषय झटकन जमला. कारणापाशी मात्र तासभर अडलो. वारा लिहून बघितला, नाक लिहून बघितलं, दोन कागद फाडले. आठ वाजत आले, आता फोन येईल, म्हणून शेवटी खरं तेच लिहून मोकळा झालो: 'अर्जदार घरी एकटा असतो.'