एकेचाळीस हजार आजारी फायली

आमच्या घरच्या संगणकाला एक हिरवा दिवा आहे. डिस्कवर काही लिहिलं गेलं की तो लुकलुकतो. सासरे स्वल्पविराम घालतात तेव्हा एकदा, काढतात तेव्हा एकदा! घड्याळदुरुस्तीवरचं त्यांचं पुस्तक नऊ वर्षं असंच लुकलुकतंय. शेवटी प्रकाशकांनी निर्वाणीचा निरोप धाडला: आज पाचपर्यंत 'छापा' म्हणा, नाहीतर विसरा.

माझी नोकरी कर्नेलची, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्याची. डिस्कवर प्रत्येक फाइलची नोंद असते: आकार किती, तुकडे कुठे, शेवटचा बदल कधी. त्या नोंदीत बदलाची तारीख भविष्यातली दिसली, तर नोंद बिघडली म्हणायचं आणि डिस्कला कुलूप घालायचं. वाचा, पण लिहू नका! अशी तपासणी मी नुकतीच लिहिली होती.

"एकही बिघाड सुटायचा नाही!" असं जेवताना जाहीर करून मी ती घरच्याच संगणकावर बसवली.

तीन वाजता पडद्यावर आकडा उमटला. बिघडलेल्या फायली: एकेचाळीस हजार तीनशे!

नवरा पांढराफटक. "अगं, मार्चमध्ये मी त्यावर चहा सांडला होता. बोललो नाही."

"मी आतून व्हॅक्यूम क्लीनर फिरवला," सासूबाई पुटपुटल्या. "केवढी धूळ होती!"

सासरे खाली बघत म्हणाले, "मी त्याचं घड्याळ दोन महिने मागे केलंय. मुदत सारखी अंगावर यायची गं!"

"जन्मभर लोकांची घड्याळं लावलीत," सासूबाई कडाडल्या, "आणि घरात हे उद्योग?"

"सापडलं! घड्याळ मागे, म्हणून फायली भविष्यातल्या!" मी ओरडले. घड्याळ बरोबर लावलं, संगणक पुन्हा सुरू केला.

एकेचाळीस हजार तीनशे बारा. बारा वाढल्या!

मग मी गुपचूप स्वतःचा कोड उघडला. एका ओळीत 'पेक्षा मोठं'च्या जागी 'पेक्षा लहान' असं चिन्ह होतं. म्हणजे मी भूतकाळातल्या फायली आजारी ठरवत होते. आणि फायली तर सगळ्या भूतकाळातल्याच!

"दुरुस्तीला किती वेळ?" सासूबाईंनी कानात विचारलं.

"दोन मिनिटं."

त्यांनी माझा हात दाबला. "ती दोन मिनिटं पाचनंतरची धर."

तेवढ्यात सासरे आलेच. "सूनबाई, चौथ्या प्रकरणात एक स्वल्पविराम राहिलाय. घालता येईल?"

"आत्ता नाही, बाबा. आत्ता फक्त वाचता येईल."

हे खोटं नव्हतं. मी तपासून पाहिलं होतं.

मग ते वाचत बसले. नऊ वर्षांत पहिल्यांदा, नुसते वाचत! दिवा एकदाही लुकलुकला नाही. मध्येच ते स्वतःच्याच एका विनोदावर खुदकन हसले.

पाचला पाच कमी असताना फोन वाजला. सासऱ्यांनी चष्मा काढला, फोन कानाला लावला, दिव्याकडे एकदा पाहिलं.

"झालं माझं," ते म्हणाले. "छापा!"