कोंडा असलेला आवाज

मेहबूबभाईंनी आजवर जेवढे ॲम्प्लिफायर नापास केले, तेवढी मुलं मी माझ्या सगळ्या नोकरीत नापास केली नसतील. आणि मी भोरच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो, म्हणजे त्या कामात अगदीच कच्चा नव्हतो.

त्यांची परीक्षा घ्यायची रीत ठरलेली आहे. गिटार मांडीवर आडवी ठेवायची. ही गळ्यात अडकवून खराखरा वाजवायची गिटार नव्हे; तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवतात ती हवाइयन गिटार. मग डोळे मिटायचे आणि एक लांब सूर ओढायचा. तो विरेपर्यंत समोरच्याने श्वाससुद्धा जपून घ्यायचा. मग डोळे उघडून निकाल.

"आवाज हाय. पर कोंडा न्हाई."

संपलं. पुढे अपील नाही.

कोंडा म्हणजे काय, हे मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मास्तर, मैदा कसा गुळगुळीत. तोंडातनं पोटात कवा गेला कळत न्हाई. गव्हाच्या पिठात कोंडा असतो, म्हून दातांना कायतरी गावतं. सुरातबी दातांना गावंल असं कायतरी पायजे."

आता सूर दाताने खातात का, असं मी विचारणार होतो. पण मेहबूबभाईंच्या तोंडी लागण्यात अर्थ नसतो. ते कधी चुकत नाहीत, असं त्यांचं स्वतःचं मत आहे.

आम्ही शिवऱ्यात भिंतीला भिंत लावून राहतो. मेहबूबभाईंचा माईकचा धंदा होता. लग्न असो, उरूस असो, जत्रा असो, कर्णे बांधायला हाच माणूस. त्या काळचे माईकचे सेट व्हॉल्व्हचे असत. आत काचेचे लहान दिव्यांसारखे व्हॉल्व्ह. ते तापले की लालसर उजळायचे आणि मग आवाज सुटायचा. पुढे सगळं बदललं, हलके सेट आले, लोकांनी जुने भंगारात घातले. मेहबूबभाईंनी मात्र एक जुना सेट उघडून, खटपटी करून, त्याचा गिटारसाठी ॲम्प्लिफायर बनवला. लाकडी खोकं, पुढे एकच स्पीकर, मागे दोन मोठे व्हॉल्व्ह. त्यावर ते जुन्या सिनेमातली गाणी वाजवायचे आणि रस्त्याने जाणारी माणसं सायकल टेकवून ऐकायची.

घराच्या पुढच्या भागात त्यांच्या बायकोची, जैतूनभाभींची, पिठाची गिरणी होती. भाभींच्या भुवया कायम पांढऱ्या. बोलणं खड्या आवाजात, कारण गिरणीशेजारी हळू बोलून उपयोग नाही. पुढे भाभी दळायच्या आणि मागच्या खोलीत मेहबूबभाई वाजवायचे. गिरणीची टकटक हाच त्यांचा तबला.

आणि गिरणीत एक अजब कारभार चालायचा. आमच्याकडे दळणाचा नंबर धान्यावर लागतो. गव्हावर गहू, बाजरीवर बाजरी. हरभऱ्याची डाळ सगळ्यात शेवटी, नाहीतर पुढच्याच्या पिठात बेसन मिसळतं. हा नियम साऱ्या गावाने पाळला आणि एका मेहबूबभाईंनी मोडला. वाजवता वाजवता रंगात आले की ते आतून ओरडायचे, "जैतून, डाळ टाक गं!"

झालं. भाभी गव्हाचं दळण थांबवून कुणाची तरी डाळ आधी घालायच्या. डबे घेऊन बसलेल्या बायका चिडायच्या, "अवो भाभी, माजा गहू अर्दा ऱ्हायलाय!" भाभी म्हणायच्या, "थांब की जरा. त्यांचं गाणं अडलंय." शिवऱ्यातल्या निम्म्या चपात्या त्यामुळे पिवळसर असत. तक्रार कुणी फार ताणली नाही.

भाभींना जाऊन आता दीड वर्ष होईल. गिरणीला तेव्हापासून कुलूप आहे. "आता घरोघर चक्क्या झाल्यात. कोण येतंय?" एवढंच मेहबूबभाई म्हणाले. आणि महिन्याभरात त्यांनी जाहीर केलं की आपला ॲम्प्लिफायर बिघडला.

त्यांनी व्हॉल्व्ह बदलले, स्पीकर बदलला, आतल्या वायरी उपसून पुन्हा जोडल्या. मला तर आवाज उत्तम वाटत होता. पण निकाल तोच, कोंडा गेला. मग एक दिवस माझ्यासमोर त्यांनी उजव्या हाताची बोटं उघडमीट करून दाखवली. दोन बोटं पुरी वळत नव्हती.

"मास्तर, ही बोटं आता लई दिवस साथ देणार न्हाईत. त्याच्या आत तो आवाज पुन्यांदा गावला पायजे. न्हाईतर म्या गिटार खुटीला टांगली म्हून समजा."

असं म्हटल्यावर काय करणार? मी निवृत्त, मला वेळच वेळ. आम्ही ॲम्प्लिफायर शोधायला निघालो.

पहिली फेरी पुण्याची. दुकान चकचकीत, विक्रेता नम्र. त्याने जुन्या घाटाचा एक व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर काढला, बटण दाबलं आणि म्हणाला, "वाजवा काका." मेहबूबभाई खुर्चीवर बसले आणि हाताची घडी घातली.

"तवा तापल्याबिगर भाकरी टाकता का तुमी? तापू द्या. तवर च्या सांगा."

विक्रेत्याने चहा सांगितला. चहा पिऊन झाल्यावर मेहबूबभाईंनी सूर ओढला आणि डोळे उघडले. "ह्यो लई ताकदीचा हाय. कितीबी वाजवा, दमतच न्हाई. मला दमणारा दावा. सुराला जराशी धाप लागली पायजे, मानसासारखी."

विक्रेत्याने लहान दाखवला, मग त्याहून लहान, मग जुन्या बनावटीच्या स्पीकरचा. प्रत्येक वेळी तवा तापवणं आलं, प्रत्येक वेळी चहा आला. शेवटी बिचाऱ्याने वैतागून व्हॉल्व्ह नसलेलं एक यंत्र पुढे ठेवलं. म्हणाला, यात शंभर जुन्या ॲम्प्लिफायरचे आवाज भरलेत, बटण फिरवा आणि हवा तो घ्या.

"शंभराचं काय करू बाबा?" मेहबूबभाई उठत म्हणाले. "मला येकच पायजेल हुता."

दुसरी फेरी हिर्डोशीची. तिथल्या भजनी मंडळाकडे व्हॉल्व्हचा जुना सेट आहे, अशी बातमी लागली होती. गाडी मिळेल तिथवर गाडीने आणि पुढे पायी, गिटार मेहबूबभाईंच्या खांद्यावर आणि पिशवी माझ्या. सेट खरोखरच होता. मागची फळी काढली तर आत उंदरांनी भाताच्या कोंड्याचं ऐसपैस घर केलेलं.

"घ्या मेहबूबभाई," मी म्हटलं, "आता तरी नापास करू नका. कोंडा भरपूर आहे."

ते हसले नाहीत. परतीच्या वाटेवर माझ्याशी बोललेही नाहीत. खांद्यावरच्या गिटारचा भार मात्र अर्ध्या वाटेत न बोलता माझ्याकडे दिला.

तिसऱ्या फेरीला माझं डोकं चाललं, आणि ते मी सविस्तर सांगणार आहे. विंझरला पांडूतात्या म्हणून एक शेतकरी आहेत. तरुणपणी ते लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. त्यांनी माळ्यावरून आपला व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर काढून, पुसून, ओसरीवर मांडून ठेवला होता. मेहबूबभाईंनी तवा तापू दिला, सूर ओढला. चेहऱ्यावर काही उमटेना. तेवढ्यात मागच्या गोठ्यात तात्यांच्या सुनेने कडबा कापायचं यंत्र सुरू केलं.

ओसरीवरचा बल्ब पिवळा पडला. आणि ॲम्प्लिफायरचा आवाज बदलला. गाण्याच्या बाबतीत माझ्यासारख्या औरंगजेबालासुद्धा तो कळला. सूर जाड झाला, कडेने किंचित खरखरीत, आणि शेवटी खरंच धाप लागल्यासारखा खाली बसत गेला. मेहबूबभाई डोळे मिटून वाजवत राहिले. वळत नसलेली ती दोन बोटंही वळत होती. पांडूतात्या मांडीवर ताल धरून म्हणाले, "वा! ह्यो आवाज म्या ह्याच्यातनं कवाच काढला न्हाई."

कडबा संपला. यंत्र थांबलं. बल्ब पांढरा झाला आणि आवाज पुन्हा पहिल्यासारखा. मेहबूबभाईंनी कांडी खाली ठेवली. "चला मास्तर," एवढंच म्हणाले. तात्या ॲम्प्लिफायर तसाच घेऊन जा म्हणत होते, तर यांनी हात जोडले.

एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी मनातल्या मनात फळ्यावर आकृती काढत होतो. कडब्याचं यंत्र वीज ओढतं, विजेचा दाब उतरतो. दाब उतरला की व्हॉल्व्ह लवकर दमतो, म्हणून सूर जाड होतो. म्हणजे मेहबूबभाईंचा ॲम्प्लिफायर कधी बिघडलाच नव्हता! गिरणी चालायची तेव्हा मागच्या खोलीतला दाब उतरायचा. डाळ दळायला गव्हाहून जड, म्हणून डाळ टाकली की आणखी उतरायचा. गिरणी बंद पडली आणि कोंडा गेला. इतकं साधं! मला रात्री जेवणसुद्धा नीट गेलं नाही, इतका मी स्वतःवर खूश होतो.

सकाळी दाब मोजायचा मीटर, कागद आणि पेन्सिल घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. मागच्या खोलीत बसवून त्यांना सगळं शिकवलं. आकृती काढली, बाण दाखवले. आयुष्यात पहिल्यांदा मेहबूबभाई मध्ये न बोलता ऐकत होते. मी पेन्सिल खाली ठेवली आणि शाबासकीची वाट पाहिली.

"मास्तर," ते म्हणाले, "ह्या खोलीची वायर गिरणीच्या मीटरवरनं म्याच वडलीय. बारीक वायर वडलीय. मला म्हाईत नसंल व्हय?"

मी माझ्याच आकृतीकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून..."

"पयल्यापासनं."

मला राग आला. खरं सांगतो, चांगलाच आला. हिर्डोशीची पायपीट आठवली. "मग इतके दिवस मला गावोगाव कशाला फिरवलंत? माणूस आहे का कोण मी?"

ते बराच वेळ कांडी या हातातून त्या हातात करत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, येकांदा तरी असा गावंल. गिरणीबिगर तसा वाजणारा. मंग कुलूप काढाया नगं." आणि जरा थांबून, "तिच्या जागी दुसरं कोण हुबं ऱ्हायलेलं मला बगवायचं न्हाई, मास्तर. पर गाण्याबिगरबी करमंना. दोन्ही हुईना."

मी कागद घडी करून खिशात घातला. इतकी वर्षं शेजारी राहून, या माणसाला नुसतं हेकट म्हणत आलो, याची मला शरम वाटली.

घरी येऊन मी हिला सगळं सांगितलं. ही उठली. आत गेली आणि दोन डबे आणून माझ्यासमोर आदळले. एकात गहू, एकात हरभऱ्याची डाळ. "दळण घेऊन जा," म्हणाली. "आपली घरची चक्की बंद आहे म्हणून सांगा." आमची चक्की तेव्हा स्वयंपाकघरात चालू होती.

मेहबूबभाईंनी डब्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरातून चक्कीचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. त्यांनी खुंटीवरची किल्ली काढून माझ्या हातात दिली. "म्या पुढं येनार न्हाई," म्हणाले. "तुमीच चालवा. आतनं सांगतो."

भिंतीपलीकडून त्यांनी मला गिरणी शिकवली. आधी दगड साफ करा. पट्टा हातानं फिरवून बघा. पयलं पीठ टाकून द्या. मी सगळं चुकत होतो आणि ते न बघता, नुसत्या आवाजावरून, मला पकडत होते. "मास्तर, भसाभसा वतू नगा! गिरणी गुदमरतीय!" निम्मा गहू जमिनीवर, निम्मा माझ्या डोक्यात. पण गिरणी चालली. टकटक सुरू झाली. दारावरचा बल्ब पिवळा झाला.

आतून गिटार आली. दीड वर्षाने तो सूर, जाड, रवाळ, दातांना गावणारा. रस्त्यावरून जाणारी दोन माणसं थांबली. मी मास्तरपणा विसरून तालावर गहू सोडत होतो. मेहबूबभाईंचं गाणं चढत चढत गेलं, रंगात आलं, आणि भिंतीपलीकडून पूर्वीसारखीच खणखणीत हाक आली.

"जैतून, डाळ टाक गं!"

पुढच्याच क्षणी गिटार थांबली. गिरणी तेवढी टकटक करत होती. मला रडू फुटलं, आणि पिठाने माखलेल्या हातांनी ते पुसताही येईना. गहू अजून अर्धा दळायचा होता. तो तसाच बाजूला ठेवला आणि मी डाळ टाकली.