मुकुटाच्या जागी नागली

भर मांडवात अप्पांनी नवरदेवाच्या मिशीला बोट लावून विचारलं, "अंगची की लावलेली?" नवरदेव त्यांचा सख्खा भाचा होता, म्हणून मार वाचला.

जव्हार संस्थानच्या सिलेखान्यात जुनी हत्यारं असत, ती अप्पांच्या ताब्यात. शेजारच्या दप्तरात मी कारकून. अप्पांचा सगळा जीव कंपनीच्या काळातल्या ठासणीच्या पिस्तुलांवर. नळीवर, चापावर, दस्त्यावर एकच आकडा हवा आणि बाजूला विलायतेच्या राजाचा मुकुट हवा, तरच पिस्तूल अस्सल. ते उडतं की नाही, ही चौकशी त्यांना हलकी वाटे. दसऱ्याला भटजी पूजेचं कुंकू घेऊन आले की अप्पा आडवे. "शिक्क्यावर नको, गंज धरेल! लाकडाला लावा!" भटजी बिचारे मंत्र सोडून जागा शोधत बसायचे. एकदा अप्पा माझ्याकडे जेवायला आले, तर "हे झाकण या पातेल्याचं नव्हे," म्हणून त्यांनी आमटीच नाकारली. आमची मंडळी अजून त्यांचं नाव काढू देत नाही.

अप्पांचा वैरी एकच, साखरशेतचा धाकू लोहार. एका पिस्तुलाची कळ मोडली तेव्हा त्याने नवी पट्टी ठोकून बसवली आणि न सांगता तिच्यावर मुकुटही कोरला. मुकुट कसला, नागलीचं, म्हणजे नाचणीचं, कणीस! अप्पांनी सिलेखाना डोक्यावर घेतला.

"मुकुट मीं कंदी देखला, अप्पा? नागली देखली, ती काढली. बाकीच्यांना हाय, मंग हिलाच का नको?"

त्यावरून दोघे वर्षानुवर्षं भांडले. बाजाराला आला की धाकू आधी सिलेखान्यात शिव्या खाई, मग दोघे एकाच चंचीतलं पान खात. एका पावसाळ्यात तापाने धाकू गेला.

दिवाळीनंतर कारभारीसाहेबांचा हुकूम सुटला, बनावट हत्यारं मोडून नांगराचे फाळ करा. निवाडा अप्पांनी करायचा. साहेबांसमोर ते "लावलेलं! लावलेलं!" करत एकेक पिस्तूल फेकत सुटले. धाकूचं हातात आलं आणि हात थांबला.

"हे मुकुटाच्या जागी काय?" साहेबांनी विचारलं.

"मुकुटच."

"नागली दिसते."

"डोंगरी पलटणीचा शिक्का, सरकार. दुर्मिळ. अस्सल."

जन्मात पहिल्यांदा अप्पा खोटं बोलले, आणि इतकं वाईट बोलले की साहेब खिडकीबाहेर बघू लागले. मग म्हणाले, "ठेवा."

साहेब गेल्यावर मी हसत म्हटलं, "अप्पा, हे काय?"

त्यांनी पिस्तूल धोतराच्या सोग्याने पुसलं. "तो गेला हो. आता मी भांडू कुणाशी?"

मग ते पिस्तुलावरच खेकसले, "मेल्या, एक कणीस तरी सरळ काढायचंस!"