आजारी पडा, पण नीट पडा!

"सुनेची नोकरी पक्की करणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!" सासूबाईंनी नळावर जाहीर केलं. उजव्या हातात भरलेली बादली होती, त्यामुळे तसाही डावाच मोकळा होता.

सून गल्लीची आरोग्यसेविका. घरोघरी जाऊन बाळांची वजनं घ्यायची, गरोदर बायकांना तपासणीला न्यायचं, म्हाताऱ्यांना गोळ्यांची आठवण करून द्यायची. लोक याला समाजसेवा म्हणत. सासूबाईंना तो शब्द आवडत नसे. समाजसेवेला सुट्टी नसते, बढती नसते, आणि पगाराचं नाव काढलं की लोक आशीर्वाद देतात!

सुरुवातीला त्यांचा या कामाला कडाडून विरोध होता. "लोकांच्या जुलाबांची चौकशी करत फिरणारी सून आमच्या सात पिढ्यांत झाली नाही!" आता मात्र त्या गल्लीतून अशा चालत, की जणू सरकारी दवाखाना त्यांच्याच माहेरून आंदण आला असावा.

उद्या आरोग्य केंद्राच्या मोठ्या बाई गल्ली पाहायला येणार होत्या. त्यांचं समाधान झालं तर सुनेचं पद कायम, म्हणजे रीतसर पगार, पुढचं प्रशिक्षण, हक्काची रजा. नाही झालं, तर पुन्हा आशीर्वाद.

"आई, उद्या कोणी काही करायचं नाही," सुनेने बजावलं. "रोज असता तसेच असा."

'काही करायचं नाही' हे वाक्य सासूबाईंना उभ्या आयुष्यात कधी कळलं नव्हतं.

त्यात शिंपीदादांनी काडी टाकली. दातांत दोरा धरून ते म्हणाले, "मावशी, गल्लीत सध्या आजारी कोण आहे हो?"

"कोण्णी नाही! माझ्या सुनेची करामत!"

"मग मोठ्या बाई म्हणतील, इथे आरोग्यसेविका हवी कशाला? गावातल्या कोणाचा कपडाच फाटला नाही, तर माझी मशीन कोण ठेवील?"

सासूबाईंच्या हातातली बादली खाली आली. पाणी शिंपीदादांच्या चपलांवर, आणि विचार थेट मेंदूत. सून दुपारी कामावर जाताच त्यांनी गल्लीची बैठक बोलावली.

"उद्या सगळ्यांनी आजारी पडायचं! मोठ्या बाई गल्लीबाहेर पडेपर्यंत कोणी बरं व्हायचं नाही. रोग ज्याचा त्याने निवडा. पण पाट्या टाकू नका! आजारी पडा, पण नीट पडा!"

"मला खोकला नको," निवृत्त मास्तर म्हणाले. "खोकला काय, कोणीही करतं. मला काहीतरी भारदस्त हवं."

"तुमचं तुम्ही बघा, मास्तर. आता घरी जाऊन सराव करा!"

इथेच घोळ झाला. कोण कोणता रोग घेणार, हे कोणी कोणाला विचारलंच नाही. आणि गेला आठवडाभर सुनेने गल्लीला एकच धडा दिला होता: दूषित पाण्याने होणारे जुलाब. लक्षणं कोणती, अंगातलं पाणी कमी झालेलं कसं ओळखायचं, साखर-मिठाचं पाणी कसं करायचं. नुसतं सांगितलं नव्हतं, एकेकाकडून वदवून घेतलं होतं. थोडक्यात, अख्ख्या गल्लीला एकच रोग नीट येत होता!

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई वेळेआधीच हजर झाल्या. सून गल्लीच्या पार टोकाला एका बाळंतिणीकडे होती. सासूबाईंना आयतीच संधी मिळाली.

"या, या! आमच्याकडे आजारपण भरपूर आहे," त्यांनी स्वागत केलं. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

पहिलं घर शिंपीदादांचं. ते कापड बेतायच्या टेबलावर गुडघे पोटाशी घेऊन पडले होते. गळ्यात मोजपट्टी तशीच.

"पोटात मुरडा, पाण्यासारखे जुलाब, तोंड कोरडं!" त्यांनी एका दमात सांगितलं.

"पाणी कुठलं पिता?"

"नळाचं! गल्लीत सगळे तेच पितात!" शिंपीदादा अभिमानाने म्हणाले.

दुसरं घर मास्तरांचं. "पातळ जुलाब, हातापायांत गोळे, डोळे खोल, तहान अनावर," मास्तरांनी फळ्यासमोर उभं राहून म्हणावं तसं पडल्या पडल्या म्हणून दाखवलं.

सासूबाई मास्तरांच्या कानाशी वाकल्या. "मास्तर, भारदस्त म्हणाला होतात ना?" त्या कुजबुजल्या.

"याहून भारदस्त काय? यात वेळेवर उपचार नाही मिळाले तर माणूस दगावतो!"

तिसऱ्या घरात तेच. चौथ्या घरात तर नवरा-बायको एका सुरात कण्हत होते. मोठ्या बाईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी फोन काढला.

"साथ आहे! अख्खी गल्ली! हो, पाण्यातूनच. दोन रुग्णवाहिका पाठवा, सलाईन भरपूर आणा. नळ ताबडतोब बंद करा!" मग त्या सासूबाईंकडे वळल्या. "आजी, इतकी माणसं आजारी पडली आणि केंद्रात काही कळवलं नाही? तुमची आरोग्यसेविका काय झोपली होती?"

आजी! पण आज त्यावर भांडायलाही सासूबाईंच्या अंगात त्राण नव्हतं. पक्की करायला निघालेली नोकरी त्यांच्या डोळ्यांदेखत कच्ची होत होती, आणि तीही त्यांच्याच डाव्या हाताने!

भोंगे वाजवत गाड्या आल्या. नळाला सील लागलं. रुग्णांना गल्लीत सतरंज्यांवर ओळीने निजवलं. परिचारिकेने सुई काढली, तसे जन्मभर सुयांत वावरलेले शिंपीदादा किंचाळले, "अहो, माझी सुई कापडात जाते!"

"थांबा!" सासूबाई धावल्या. "सुया कशाला? माझ्या सुनेने शिकवलंय ना, साखर-मिठाचं पाणी! मी करते!"

त्यांनी घरातून पातेलं आणलं. घाईघाईत एक चमचा मीठ टाकलं. दुसरा टाकला. तिसरा भरला...

"अर्धा!" मास्तर ताडकन उठून बसले. "मीठ फक्त अर्धा चमचा!"

"आणि साखर सहा!" शिंपीदादा उभेच राहिले.

"लिटरभर पाण्यात! उकळून गार केलेल्या!" मागून सात-आठ मरणासन्न आवाज एकदम आले.

"चमचा सपाट घ्या, मावशी, शीग कशाला लावताय!" शेवटच्या सतरंजीवरून कोणीतरी खेकसलं.

मोठ्या बाईंनी ठणठणीत उभ्या असलेल्या शिंपीदादांकडे पाहिलं. शिंपीदादा हळूच खाली बसले, आडवे झाले आणि जरासे कण्हले.

तेवढ्यात सून धापा टाकत पोचली. "आई! काय केलंत हे?"

"काही नाही गं, काहीसुद्धा नाही..." सासूबाई म्हणाल्या. मग मोठ्या बाईंकडे वळून त्यांनी हात जोडले. "बाई, हिचा काही दोष नाही हो! गल्लीत कोणी आजारीच नाही, तीच तर अडचण झाली!"

सगळा उलगडा झाला तेव्हा मोठ्या बाईंनी आधी गल्लीला चांगलंच फैलावर घेतलं. या दोन गाड्यांची वाट कुठेतरी खरा रुग्ण पाहत असेल, हे त्या बोलल्या तेव्हा मास्तरांसकट सगळ्यांच्या माना खाली गेल्या. गाड्या लगोलग परत गेल्या. मग मोठ्या बाईंनी चष्मा पुसला. पुसता पुसता त्यांचे खांदे हलायला लागले.

"आजी, आजारी नसलेली गल्ली बघायलाच तर मी आले होते! कुठे आग लागली नाही म्हणून बंबवाल्यांना घरी बसवतात का?"

"नाही," सासूबाई पुटपुटल्या.

"मरायचं सोंग घेतलेल्या माणसांनाही उठून बसवणारी शिकवणी मी आजवर पाहिली नव्हती. ताई, तुमचं पद कायम. पुढच्या महिन्यापासून नव्या सेविकांनाही तुम्हीच शिकवायचं."

गल्लीने टाळ्या वाजवल्या. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं. शिंपीदादांनी ते लगेच मोजपट्टीने पुसायला घेतलं, पण तिने पदरावरच भागवलं.

"आणि नळ?" सासूबाईंनी विचारलं.

"सील लागलं की पाणी तपासल्याशिवाय काढता येत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "नियम आहे."

मग काय! अख्खी गल्ली कालव्यापलीकडच्या नळावरून पाणी वाहू लागली. सगळ्यात जास्त खेपा सासूबाईंच्या, कारण त्यांना पाहिलं की जो तो आपली रिकामी कळशी पुढे करी. संध्याकाळपर्यंत त्यांच्या कमरेत अशी उसण भरली, की दारातच त्या वाकल्या त्या वाकल्याच.

"आई गं! मेले!"

"वा, मावशी! झकास जमलंय!" शिंपीदादा मशीनवरून ओरडले. "पण मोठ्या बाई गेल्या आता!"

"चेहऱ्यावर वेदना अजून थोडी हवी," मास्तरांनी सुधारणा सुचवली आणि ते पुढे गेले.

शेवटी सून आली. खांद्यावर कामाची पिशवी होती. ती शेजारी बसली, सासूबाईंच्या कमरेवरून हात फिरवत म्हणाली, "इथे दुखतं का, आई?"

"हो गं! पण कोणाला खरंच वाटत नाही! तू तरी विश्वास ठेव!"

"ठेवलाच की," सून म्हणाली आणि तिने मलमाचं झाकण उघडलं. "खोटं दुखणं तुम्ही याच्यापेक्षा पुष्कळ मोठं करता."