गगनरावांनी गुरुत्वाकर्षण सिद्ध केलं त्याची गोष्ट

एका जंगलात (कुठल्या ते विचारू नका बाळांनो, मलाही माहीत नाही) गगनराव नावाचे एक धनेश राहत होते. धनेश म्हणजे तो भल्यामोठ्या वाकड्या चोचीचा पक्षी. चोच मोठी असली की आपल्याला काहीतरी मोठं सांगायचंय, असं उगीचच वाटायला लागतं. गगनरावांना ते जरा जास्तच वाटायचं.

धनेशांचा एक रिवाज आहे. अंडी घालायची वेळ आली की बायको झाडाच्या ढोलीत जाऊन बसते आणि ढोलीचं तोंड आतून चिखलानं लिंपून टाकते. चोच बाहेर काढण्यापुरती फट तेवढी ठेवते. आत तिची पिसंही गळतात, म्हणजे उडायची सोय नाही. मग नवऱ्यानं उंबरं आणायची आणि फटीतून सगळ्यांना भरवायची. नवऱ्यावर एवढा भरवसा टाकणारी बाई दुसऱ्या पाखरांत सापडायची नाही. इतर पाखरं शहाणी आहेत.

गगनरावांच्या बायकोनं, शेवंताबाईंनी, तो भरवसा टाकला होता. बेहड्याच्या ढोलीत त्या आणि त्यांची दोन पिल्लं.

गगनराव रोज सकाळी चोच भरून उंबरं घेत आणि घराकडे निघत. पण वाटेत वड होता आणि वडावर विश्वचर्चा मंडळ होतं.

मंडळाचे अध्यक्ष एक घुबड होते. सभा दिवसा भरे, त्यामुळे ते कायम झोपलेले असत. त्यांच्या कारभाराबद्दल कुणाची तक्रार नव्हती. दुसरे सभासद म्हणजे उलटेशास्त्री वटवाघूळ. विषय दोनच. विश्वाला शेवट आहे की नाही, आणि वस्तू खाली का पडते.

"वस्तू खाली पडतच नाही, वर जाते," उलटेशास्त्री लटकल्या लटकल्या सांगत. "मी रोज डोळ्यांनी पाहतो. फळ देठातून सुटलं की सरळ वर, त्या हिरव्या आकाशात."

आता हे ऐकून कुणाला गप्प बसवेल? गगनराव चोच उघडत. चोच उघडली की उंबरं सुटत.

"बघा! पडली की नाही खाली?"

"वर गेली," शास्त्री म्हणत.

त्या हिरव्या आकाशात, म्हणजे वडाखालच्या गवतात, दंताजी नावाचं रानडुक्कर बसलेलं असे. ते मचमच खात म्हणे, "वा गगनराव, वा! काय मुद्दा मांडलात! पण आमचं डोकं जाड हो. पुन्हा एकदा सिद्ध कराल का?"

असा श्रोता मिळायला नशीब लागतं. गगनराव परत उंबरावर जात, चोच भरून आणत आणि पुन्हा सिद्ध करत. घरी पोचेपर्यंत दिवस कलायचा आणि चोचीत एखादंच उंबर उरायचं.

"अहो, एवढंच?" शेवंताबाई फटीतून विचारत.

"अगं, मी चोच भरूनच निघालो होतो. पण पृथ्वी ओढते, त्याला मी काय करू? फार प्रचंड शक्ती असते ती."

"पृथ्वी आपलीच उंबरं ओढते होय? तो शेजारचा तांबट बरा रोज भरल्या चोचीनं घरी येतो!"

"तो अडाणी आहे. त्याला मुळी काही म्हणायचंच नसतं."

शेवंताबाईंनी ते एक उंबर आत वाटून दिलं. मग म्हणाल्या, "धाकटं सकाळपासून ओरडलेलं नाही."

गगनरावांनी फटीला कान लावला. खरंच लावला हो, ते काही वाईट नव्हते. उद्या सरळ घरी यायचं, वडाकडे ढुंकूनही बघायचं नाही, असं त्यांनी स्वतःच्या गळ्याला हात लावून, म्हणजे पंख लावून, ठरवलं.

दुसऱ्या दिवशी ते चोच गच्च मिटून निघाले. वडावरून आवाज आला, "काय गगनराव, आज गप्प? मग विश्वाला शेवटी भिंत आहे, हे मान्य झालं म्हणायचं!"

गगनराव पुढे गेले. थोडेसेच गेले. मग राहवेना, तसे मागे फिरले.

"भिंत? अहो शास्त्री, भिंत असेल तर भिंतीपलीकडे काय?"

उंबरं टपाटप पडली. "अहाहा!" दंताजी म्हणालं.

वाक्य इतकं झकास जमलं होतं की ते घरी सांगितल्याशिवाय गगनरावांना चैन पडेना. रिकाम्या चोचीनं ते ढोलीवर आले. "शेवंता, ऐक! विश्वाला भिंत असेल, तर भिंतीपलीकडे काय?"

आतून आवाज आला, "भिंतीपलीकडे आम्ही आहोत. उपाशी."

गगनराव थक्क झाले. "वा! म्हणजे भिंतीपलीकडेही जीव आहेत, त्यांना भूकही लागते! म्हणजे विश्व तिथेही आहेच! थांब, एवढं शास्त्रीबुवांना सांगून आलोच." आणि गेले की उडून.

शेवंताबाईंना आधी रडू आलं, मग राग आला. रागाचा उपयोग जास्त झाला. त्यांनी चोचीनं भिंत फोडली आणि बाहेर पाऊल टाकलं. नवी पिसं अजून अर्धवट होती. त्या धपकन खाली पडल्या. गुरुत्वाकर्षणाबद्दल त्यांचं काही मत नव्हतं, पण लागलं बरंच. तशाच उठल्या, उड्या मारत, फांद्या धरत उंबरावर गेल्या आणि तोंडातून अक्षर न काढता चोच भरून आणली. तशा खेपांवर खेपा केल्या. पिल्लांनी रिवाजाप्रमाणे भिंत आतून पुन्हा लिंपली, फट तेवढी ठेवली. ऊन उतरेपर्यंत धाकट्याला कंठ फुटला.

तिकडे वडावर अध्यक्ष जागे झाले आणि विश्व अनंत असल्याचा ठराव एकमतानं मंजूर झाला. उलटेशास्त्री तेवढ्यात फळं खायला गेले होते. गगनरावांचा ऊर भरून आला. आनंदात घर आठवलं. त्यांनी एक टपोरं, लालबुंद उंबर निवडलं आणि निघाले. पोचवायला खालून दंताजीही निघालं.

गगनरावांनी भिंतीवर टकटक केली.

"कोण आहे?" आतून धाकट्यानं विचारलं. "आई बाहेर गेलीय. ती सांगून गेलीय, बाबा आले तर आधी फटीतून उंबर देतील. आधी बोलायला लागले, तर ते बाबा नव्हेत, मंडळाचे कुणीतरी असतील."

नुसती चोच पुढे करायची होती, बाळांनो. पण पोटच्या पोरानं बापाला ओळखू नये? तेही आजच्या दिवशी?

"अरे, मी गगनराव! विश्व अनंत आहे हे सिद्ध करणारा तुझा बाप!"

उंबर सुटलं.

"वा!" खालून दंताजी म्हणालं.

आतून कुणीतरी फट बुजवायला घेतली.

तात्पर्य : चोच मिटून घरी जावं, असं काही जण म्हणतील. ते अडाणी आहेत. वस्तू खालीच पडते हे पक्कं व्हायचं, तर घरच्यांनी थोडी कळ काढायलाच हवी. आणि कान देऊन ऐकणाऱ्याला कधी अर्ध्यावर सोडून जाऊ नये. आता माझंच बघा. गॅसवर दूध ठेवून मला लक्ष ठेवायला बसवलंय आणि आतून मघापासून हाका येताहेत. करपल्याचा वासही येतोय. पण तुम्ही इतकं मन लावून ऐकताय, उठवत नाही हो. शिवाय दूध उतू गेलं म्हणजे ते आधी वर गेलं. मग उलटेशास्त्रींचं बरोबर होतं की काय? बसा, सांगतो.